केगावात कॉलेजच्या पोरांसाठी खोल्या काढाव्यात का?

साडेसहाचाभोंगा

मंडळी, घरात वाद पेटलाय म्हणून धागा काढतोय.

वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर (मुकादम) होते. मिल बंद पडली, थोडेफार पैसे हातात आले, आणि त्यांनी सोलापूरजवळ केगावात दोन गुंठे घेतले. भाऊबंद हसले. १९९२ च्या हद्दवाढीत गाव महापालिकेत आलं होतं खरं, पण ते कागदावर. रस्ता नाही, दिवा नाही, रात्री कोल्हेकुई. तेव्हा तिथं शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र तेवढं होतं आणि मार्कशीटमधलं एक अक्षर चुकलं तरी पोरांना कोल्हापूर गाठावं लागायचं.

१ ऑगस्ट २००४ ला सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं. पाठोपाठ इंजिनिअरिंग कॉलेज आलं, हायवे चौपदरी झाला. आमच्या गल्लीत तेव्हा मिलमधून सुटलेले तीन, एसटीचे दोन कंडक्टर, एक गवंडी आणि बाकी गावातले शेतकरी, एवढीच वस्ती. आज त्याच गल्लीत दोन फौजदार, झेडपीचे मास्तर, मेडिकलवाले, एक डॉक्टर जोडपं. मोटारी उभ्या करायला जागा नाही. मिलवाला आता मी एकटाच, तोही मिलवाल्याचा पोरगा म्हणून.

माझं म्हणणं, हे सगळं विद्यापीठामुळं झालं. वडिलांनी २००६ ला स्लॅब टाकताना कॉलमच्या सळया वर सोडून ठेवल्या होत्या, पुढं पोरगा मजला चढवील म्हणून. माझा विचार आहे की बारा लाखांचं कर्ज काढून वर चार खोल्या काढाव्यात आणि पोरांना भाड्यानं द्याव्यात. सौ. म्हणते, "आधी गल्लीत हिंडून बघा."

तुमचे अनुभव सांगा.

---

शेंगाचटणी

पाणी किती दिवसाआड येतं ते आधी सांग, मग खोल्यांचं बोलू.

---

साडेसहाचाभोंगा

चार. कधी पाच. बोअर आहे, पण मार्च लागला की खाकरायला लागतो.

---

शेंगाचटणी

मग चार खोल्या म्हणजे आठ पोरं, आठ पोरं म्हणजे आठ बादल्या, आणि त्यातला एक तरी शॉवर लाव म्हणणारा निघतोच. खोल्या कसल्या काढतोस बे, टँकर घे. यंटमपणा करू नको.

---

मंगळवेढ्याचाबाब्या

मी २००९ ते ११ तिथं एमएस्सी केलं. बाळे गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका खोलीत चौघं राहायचो. मालक म्हातारा होता, वीज बिलाच्या दिवशी खोलीत येऊन बल्ब मोजायचा. त्या वेळी खोली मिळणं मुश्कील होतं हे खरं. भोंगादादा, तुम्ही तो काळ डोक्यात धरून बसलायत.

आता चित्र असं. आपलं विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतं. पुण्याला लातूरचा, जळगावचा, बिहारचा पोरगा येतो, त्याला खोली घ्यावीच लागते. आपल्याकडं येणारा पोरगा मोहोळ, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, फार तर सांगोल्याचा. त्यातही मोहोळकडून येणारी एसटी विद्यापीठाच्या फाटकासमोरूनच जाते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि पोरींच्या घरच्यांनी हिशेब मांडला. माझी चुलत बहीण मोहोळहून रोज ये-जा करते. तिचा बाप म्हणतो, भाड्याच्या निम्म्यात पोरगी रात्री घरी जेवायला असते.

२०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना पात्र मुलींची फी माफ झाली, त्यामुळं पोरी वाढल्यात हे मान्य. पण फी माफ झाली, भाडं नाही.

---

कडकभाकरी

मला एक कळत नाही, विद्यापीठात एवढी पोरं शिकतात तर दुपारी तीनला फाटकासमोर कुत्रं का नसतं?

---

मंगळवेढ्याचाबाब्या

@कडकभाकरी, सव्वादोनची एसटी.

---

खाणावळवालीकाकू

मी सहसा वाचते फक्त. आज लिहिते.

२००७ मध्ये सात पोरांवर मेस सुरू केली. आमच्या मालकांचं यंत्रमागाचं काम सुटलं होतं आणि घरात येण्याजोगी एकच कला होती, भाकरी. सकाळी डबा, रात्री ताट. पहिली तीन वर्षं पोरं गावाकडची. भाकरी, आमटी, शेंगाचटणी, आठवड्यात एकदा पिठलं, रविवारी शिरा. जेवून झालं की ताट स्वतः घासून पालथं घालायची. पैसे उशिरा यायचे, पण यायचे. एकाच्या वडलांनी पैशाऐवजी ज्वारीचं पोतं आणून टाकलं होतं.

मग इंजिनिअरिंगची लाट आली. साठ डबे झाले. मी दोन बायका कामाला घेतल्या, गल्लीत पहिला फ्रिज माझ्याकडं आला. ही पोरं चपाती मागायची, पनीर मागायची, भाकरी दिली की फोटो काढून आईला पाठवायची. माझ्या घरावर जो मजला आहे तो त्या पाच-सहा वर्षांचा आहे. भोंगाभाऊ, विद्यापीठानं दिलं म्हणता ना, मला दिलं ते त्या साठ डब्यांनी. पुढं इंजिनिअरिंगचे प्रवेश कमी होत गेले, आणि ज्याची ऐपत तो पुण्याला. साठाचे पंचवीस झाले. दोन बायकांतली एक घरी बसली. तिच्या घरात त्या महिन्यापासून काय चुली पेटल्या असतील ते मला माहीत आहे, कारण ती माझी जाऊच.

आज माझ्याकडं जेवतं कोण? हायवेच्या कामावरचे सुपरवायझर तीन, बिहारकडचे. औषध कंपनीचे दोन एमआर. पोलीस भरतीची पोरं, त्यांना अंडी लागतात, रोज, चार-चार. आणि दोन प्राध्यापक.

ह्या प्राध्यापकांचं सांगते. दोघंही पीएचडी, सेट परीक्षा पास झालेले, तासिका तत्त्वावर. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि जे मिळतात ते सहा महिन्यांनी एकदम. एक जण डब्याच्या पैशाचं विचारलं की खाली बघतो. मी विचारणं सोडलं. माझ्याकडं भांडी घासणाऱ्या बाईला महिन्याच्या एक तारखेला पैसे मिळतात आणि त्याला नाही. आता ह्याला भाग वर आला म्हणायचं का खाली गेला, ते शिकलेल्यांनी ठरवावं.

---

शेंगाचटणी

काकू, दंडवत. पत्ता नको, फक्त सांगा रविवारी शिरा अजून असतो का?

---

खाणावळवालीकाकू

असतो. पण आता पोरं रविवारी पिझ्झा मागवतात आणि शिरा एमआर खातात.

---

मालदांडी

"भाग वर आला." आवो भोंगा, भाग म्हंजे कोन?

मी केगावचाच. सात पिढ्या. तुमचे दोन गुंठे ज्या रानात आहेत, तसलंच आमचं रान होतं, मुरमाड, पण रब्बीची ज्वारी यायची. मालदांडी. आज्जानं नव्वदच्या दशकात गुंठ्या-गुंठ्यानं विकायला काढलं, कारण दुष्काळ, आत्याचं लग्न आणि बँकेची नोटीस. आलेल्या पैशात जीप घेतली. जीप दोन वर्षांनी गेली. शेवटचा तुकडा बापानं विकला २००३ ला, विद्यापीठ व्हायच्या एक वर्ष आधी. त्याच तुकड्याचा भाव पुढं कितीपट झाला ते सांगत नाही, घरात ह्या विषयावर जेवण सोडून उठतात.

आता मी काय करतो? टँकर चालवतो. आज्जाच्या विहिरीचं पाणी नाही, ती बुजवली. दुसऱ्याच्या बोअरचं पाणी, दुसऱ्याच्या टँकरमधून, आमच्याच रानात उभ्या राहिलेल्या बंगल्यांना. थोरला भाऊ सिक्युरिटीत, कंत्राटी. कॉलेजच्या गेटवर उभा राहून तो ज्या पोरांना सलाम ठोकतो, त्यांच्यात गावातलं एक पोरगं नाही.

फौजदार आले, मास्तर आले, डॉक्टर आले, म्हंजे पगार बाहेरून आले. गावातल्यांचे पगार वाढले नाहीत. माणसंच बदलली. जुन्याच्या जागी नवा आला की सरासरी वाढते, जुना कुठं गेला ते कोण विचारतंय.

---

साडेसहाचाभोंगा

मालदांडी, राग समजतो. पण आमच्या वडिलांनी कुणाचं लुटलं नाही. तेही रोजगार गमावूनच आले होते, मिळेल त्या भावानं घेतलं. तुम्ही रान गमावलं, आम्ही मिल गमावली.

---

मालदांडी

लुटलं असं म्हणालो का? आम्ही विकलं, तुम्ही घेतलं. पण विद्यापीठानं वर आणलं म्हणू नका एवढंच. हायवे चौपदरी झाला, केगाव-हत्तूर बायपास झाला, म्हणून भाव आला. विद्यापीठ नसतं तरी आला असता.

---

पुण्यातलासोलापूरकर

रस्ता हाच खरा मुद्दा. सोलापुरात कारखाना काढा, विद्यापीठ काढा, विमानतळ काढा, शेवटी माणूस हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाणार. आमच्या सोसायटीच्या चार इमारतींत सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेच्या आठवड्यात निम्मे फ्लॅट बंद असतात, सगळे नंदीध्वज बघायला गावी गेलेले.

---

शेंगाचटणी

आणि परत येताना प्रत्येकाच्या पिशवीत दोन किलो मी.

---

कडकभाकरी

@शेंगाचटणी, तू कोरडी बे. माझ्याशिवाय तुला कोण खातंय?

---

अकरामहिन्यांचाकरार

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर आहे, म्हणून थोडं रुक्ष लिहितो.

भोंगा, बारा लाख, पंधरा वर्षं, ९ टक्के धरा. हप्ता साधारण १२,१७० रुपये. वर्षाचे एक लाख शेहेचाळीस हजार. चार खोल्या साडेतीन हजारांनी गेल्या तर महिन्याचे चौदा हजार, ऐकायला छान. पण विद्यार्थी बारा महिने भाडं देत नाही, मे-जूनमध्ये गावी जातो. दहा महिने धरले की एक लाख चाळीस. म्हणजे चारही खोल्या भरलेल्या असल्या तरी वर्षाला सहा हजार तुम्ही खिशातून घालणार. वर घरपट्टी, मोटार, रंग, तुटलेले नळ.

त्याआधी कागद बघा. गुंठ्यावर घेतलेली जागा गुंठेवारी कायद्याखाली नियमित करून घेतलीय का? २००१ चा कायदा आहे. नुसतं खरेदीखत आणि सातबाऱ्यावर सामाईक नाव असेल तर बँक परवानगीचा नकाशा मागणार आणि तिथं गाडी अडणार. माझ्याकडं येणाऱ्या हद्दवाढ भागातल्या दर तीन माणसांत एक जण ह्याच कारणानं परत जातो आणि मग सावकाराकडून दोन टक्क्यांनी घेतो. महिना दोन टक्के.

आणि माझ्या नावावरून सांगतो, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

शेवटी लोकसंख्येचं. २००१ ला शहर ८,७२,४७८. २०११ ला ९,५१,५५८. दहा वर्षांत नऊ टक्के वाढ. त्याच दहा वर्षांत राज्याची वाढ सोळा टक्के. शहर राज्याएवढंही वाढत नव्हतं. मग जुळे सोलापूरला, विजापूर रोडला, केगावला एवढी घरं कुणासाठी? बरीचशी जुन्या पेठेतून बाहेर पडलेल्यांसाठी. वाटण्या झाल्या, भाऊ वेगळे झाले. माणसं तीच, चुली वाढल्या.

---

मालदांडी

"माणसं तीच, चुली वाढल्या" ला +१. बँकवाल्याकडून पहिल्यांदा पटेल असं ऐकलं.

---

पूर्वभागातली

सगळा धागा पश्चिमेचा चाललाय, म्हणून जरा अशोक चौकाच्या पलीकडून.

आम्ही तेलुगू. आई विड्या वळायची. घर आधी गल्लीत एका खोलीचं होतं, मग कुंभारीला विडी घरकुलात आलो. तिथून केगाव म्हणजे शहराचं दुसरं टोक. दोन रिक्षा बदलून एम.कॉम. केलं. पहिलं लेक्चर कधीच मिळालं नाही, त्या सरांचं तोंड मी परीक्षेला पहिल्यांदा बघितलं.

आमच्या भागाला विद्यापीठानं एक रुपया भाडं दिलं नाही, एक मेस दिली नाही, जमिनीचा भाव दिला नाही. पण माझ्या वर्गात विड्या वळणाऱ्यांच्या सहा पोरी होत्या. कोल्हापूर राहिलं असतं तर एकीलाही घरच्यांनी पाठवलं नसतं. मी आता एका कर सल्लागाराकडं जीएसटीची रिटर्न भरते. पहिला पगार झाला त्या महिन्यात आईनं सूप माळ्यावर टाकलं. तंबाखूच्या वासानं माझ्या लहानपणीची सगळी वह्या-पुस्तकं पिवळी पडलेली असायची.

तुम्ही सगळे गल्लीतल्या मोटारी मोजताय. ज्याचं शिक्षण तिथं झालं तो राहतो कुठं, तेही बघा. मालदांडीदादा, तुमच्या घरातलं कुणी शिकायला जातं का तिथं? टोमणा नाही, खरंच विचारते.

---

मालदांडी

ताई, भावाची पोरगी. बी.ए. दुसरं वर्ष, शहरातल्या कॉलेजात. पुढं एम.ए. ला इथंच घालायचं म्हणतोय. चालत दहा मिनिटं. भाऊ म्हणतो, ती गेटातून आत जाताना मी सलाम ठोकीन, बघू काय करते.

---

खाणावळवालीकाकू

मालदांडी, तिला सांगा डबा न्यायची गरज नाही. माझ्याकडं जेवू दे.

---

गप्पिष्ट

मूळ विषय सोडून सगळं चाललंय, पण छान चाललंय. विद्यापीठाच्या नावाचा विषय अजून कुणी काढला नाही हे विशेष.

---

संचालक

काढूही नका. २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे, विषय संपला. मागचा धागा त्यावरूनच बंद करावा लागला होता.

---

पहाटेचीधाव

भोंगादादा, खोल्या काढूच नका. अभ्यासिका काढा!

मी भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला सर्व्हिस रोडवर आम्ही पन्नास-साठ जण पळत असतो, पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या बाजूनं. आमच्यातले निम्मे घरूनच येतात. आम्हाला झोपायला जागा नकोय, बसायला हवीय. घरी टीव्ही चालू, भावाचं पोरगं रडतंय, आई म्हणते जरा दळण आण. एक हॉल, तीस खुर्च्या, प्लायवूडचे कप्पे, पंखे, वायफाय. महिन्याला सातशे-आठशे कुणीही देतं. आंघोळ नाही, बादली नाही, बोअर सुरक्षित.

---

अकरामहिन्यांचाकरार

कल्पना वाईट नाही. पण केगाव-बाळे पट्ट्यात आधीच किती अभ्यासिका आहेत ते मोजा. मेसचंही असंच झालं होतं. एकाचं चाललं की गल्लीतले पाच जण तेच काढतात. आणि तो व्यवसाय धरला जातो, वीज मीटर वेगळं लागेल.

---

पहाटेचीधाव

हे मात्र खरंय. आमच्याच रस्त्यावर तीन झाल्यात. एकात एसी आहे. तो चालू केला की मालक वर येऊन विचारतो, "उकडतंय का खरंच?"

---

मंगळवेढ्याचाबाब्या

हा माझ्या बल्ब मोजणाऱ्या म्हाताऱ्याचा पोरगा असणार.

---

साडेसहाचाभोंगा

चार दिवस गायब होतो. सौ. म्हणाली तसं केलं. वही घेऊन आमची गल्ली आणि पुढच्या दोन गल्ल्या हिंडलो. लोकांना वाटलं जनगणनावाला आला, एका आजीनं तर चहा करून रेशन कार्डच काढून दिलं.

वर खोल्या काढलेली नऊ घरं. त्यातल्या पाच घरांत एक तरी खोली रिकामी, दोन घरांत सगळ्याच. जिथं भाडेकरू आहेत तिथं विद्यार्थी मोजून चार खोल्यांत. बाकी नवं लग्न झालेलं पोलीस जोडपं, बायपासच्या हॉटेलातले आचारी, तासिकावाले एक सर (काकू, बहुतेक तुमच्याकडचेच, खाली बघून बोलतात), आणि एका खोलीत मालकाचाच पोरगा, घरच्यांशी भांडून वर राहायला गेलेला.

एका घरमालकानं रडत नाही पण जवळजवळ रडत सांगितलं, दहा वर्षांपूर्वी कर्ज काढून सहा खोल्या बांधल्या, पहिली तीन वर्षं रांग होती. आता हप्ता तो स्वतःच्या पेन्शनमधून भरतोय. तोही मिलवाल्याचाच पोरगा. माझ्यासारखाच. मला वाटायचं मी एकटाच उरलोय.

तर कर्ज रद्द. करारसाहेब, तुम्ही म्हणालात तसा कागद तपासला. गुंठेवारीचा अर्ज वडिलांनी केला होता, पावती सापडली, पुढं काय झालं ते सापडलं नाही. आता आधी ते काम.

खालची पुढची खोली रस्त्याला लागून आहे. तिथं आत्ता मोटारसायकल आणि वडिलांची लोखंडी पेटी असते. सौ. चं म्हणणं, ती रिकामी करून एका माणसाला द्यावी, करार नोंदवून, भाडं वेळेवर आलं नाही तरी चालेल असा माणूस. मी विचारलं, असा कोण? म्हणाली, त्या धाग्यावरचे सर.

मालदांडी, मी पहिल्या पोस्टमध्ये जे लिहिलं ते आज लिहिलं नसतं. तुमच्या रानाचा गट नंबर कळवा, बघतो आमचे दोन गुंठे त्यातच आहेत का.

---

मालदांडी

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. असले तर काय करणार, ज्वारी पेरणार का?

---

साडेसहाचाभोंगा

नाही. पण वडिलांच्या पेटीत खरेदीखत आहे, त्यावर विकणाऱ्याचा अंगठा आहे. तुमच्या आज्जाचा असला तर तुम्हाला दाखवावं वाटलं.

---

मालदांडी

रविवारी येतो. टँकर घेऊन येऊ का, पाचवा दिवस असंल तुमचा.

---

साडेसहाचाभोंगा

या. शिरा काकूंकडून आणतो.

एकच राहिलं. वर त्या सळया वीस वर्षं उभ्या आहेत, गंजून लाल झाल्यात, पावसात स्लॅबवर डाग पडतात. मजला तर आता चढत नाही. कापाव्यात का ठेवाव्यात?

---

अकरामहिन्यांचाकरार

कापू नका. सिमेंटचा घोळ करून लावा आणि राहू द्या.

---

शेंगाचटणी

प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घाल. सगळं सोलापूर तेच करतंय.